रविवारी आमच्या डोंगरात जीपा घेऊन येणाऱ्या मंडळींस खुलं पत्र

रामराम मंडळी,

तुमच्यातल्या एकाचा परवा फोन आला. "काका, पोळा झाला की पुढच्या रविवारी आठ-दहा गाड्या घेऊन येतोय. तुमचा ट्रॅक्टर तेवढा पायथ्याला उभा ठेवा, लागला तर लागला." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. बघतो म्हणालो. रात्री झोप येईना, म्हणून पुतणीला समोर बसवून हे लिहून घेतोय. एकट्याला पाठवू नका, सगळ्यांना वाचू द्या, असं तीच म्हणाली. धारूरच्या डोंगरात येणारे वेगळे, सौताड्याकडं जाणारे वेगळे, म्हैसमाळला जाणारे वेगळे. पण गाड्या सारख्याच आणि खोड्याही सारख्याच.

माझी ओळख थोडक्यात. अकरा वर्षं काळी-पिवळी जीप चालवली, केज-धारूर अंगाला. त्यानंतर आजपर्यंत ट्रॅक्टर. उजव्या हाताला तीन बोटं आहेत. ते का, ते पुढं येईल.

गेल्या पावसाळ्यात तुमच्यापैकी काहीजण आले होते, तेव्हा मी तिथं होतो. म्हशी वर सोडून बरडावर बसलो होतो. गाडी नवी होती. उंच केलेली, टायर मोठे, टपावर कॅरियर, कॅरियरवर जादाचं चाक, डिझेलचे दोन कॅन आणि एक फावडं. चढ सरळ होता, पंचवीस-तीस पावलांचा. पहिल्या वेळी गाडी निम्म्याच्या वर गेली आणि मुरमात चाकं जागेवर फिरायला लागली. दुसऱ्या वेळी जरा लांबून वेग घेतला, तरी तिथंच अडली. तिसऱ्या वेळी खालून कुणीतरी ओरडलं, "दाब रे!" त्यानं दाबलं, आणि इंजिन बंद पडलं.

इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. ब्रेकवर पाय तसाच ठेवून रिव्हर्स टाकायचा, इंजिन चालू करायचं, क्लच पूर्ण सोडायचा आणि इंजिनच्या जोरावर ज्या चाकोरीनं वर आलो त्याच चाकोरीनं सरळ मागं यायचं. त्यानं क्लच दाबून धरला. गाडी मोकळी सुटली. पोरगं घाबरलं, ब्रेक मारला, मान वळवून स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी उताराला आडवी झाली. आडवी घसरता घसरता खालच्या अंगाचं मागचं चाक पाणलोटाच्या कामात खणलेल्या चराच्या कडेला अडलं. पुढचं सगळं इतकं सावकाश झाल्यासारखं दिसलं की मी उठून उभासुद्धा राहिलो नव्हतो. गाडी कलली, जरा थांबल्यासारखी वाटली, आणि कलंडली. एक पलटी पूर्ण, दुसरी अर्धी, मग एका बाभळीला टेकून थांबली. बाभळीच्या खाली आठ फुटांवर तुमचे दोघं मोबाइल धरून उभे होते.

पुढच्या दोघांनी पट्टे लावले होते. मागच्यानं नव्हता लावला, त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. चालवणाऱ्याच्या डोक्याला सात टाके पडले. ते टपाला आपटून नाही, सीटमागं सुटा ठेवलेला लोखंडी जॅक उडून आला त्यानं.

त्याला पाणी पाजताना मी विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, "काका, गाडीचं लिमिट बघत होतो."

हा शब्द माझ्या डोक्यात वर्षभर बसलाय. बाबांनो, गाडीला लिमिट एक नसतं, दोन असतात. एक ताकदीचं आणि पकडीचं. ते आलं की गाडी बोलते. चाक फिरतं, इंजिन गुरगुरतं, बंद पडतं. तुम्ही मागं येता, परत प्रयत्न करता. ते लिमिट दहा वेळा बघितलं तरी संध्याकाळी घरी जेवायला जाता येतं. दुसरं लिमिट तोलाचं. ते आल्याचं गाडी सांगत नाही. कळतं तेव्हा ते ओलांडलेलं असतं. आणि तुमचे फोर बाय फोर, लो गिअर, मोठे टायर, डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) हे सगळं पहिल्या लिमिटवर उपाय आहे. दुसऱ्यावर त्यातलं काही चालत नाही. उलट साधी गाडी जिथं चाक फिरवून गप्प बसली असती, त्याच्या पुढं हे सामान तुम्हाला घेऊन जातं आणि तोलाच्या कडेवर नेऊन सोडतं.

आमच्याकडं हे बैलगाडीनं शिकवलंय. कडब्याची गाडी भरताना जुनी माणसं पेंढ्या कशा रचायची ते बघायला पाहिजे होतं. गाडी घोड्याएवढी उंच व्हायची, वजन मात्र फार नसायचं. तरी वाट कडेनं कललेली असली की वरच्या अंगाला दोर बांधून दोन माणसं तो दोर धरून चालायची. खालच्या अंगाला कुणी नाही. लेकरू जरी चुकून तिकडून पळालं तरी म्हातारा शिव्या घालायचा. गाडीची उंची, चाकांमधलं अंतर, जमिनीचा कल, तिन्हीचा हिशोब त्या दोरात होता.

पुतणी नांदेडला इंजिनीअरिंगला आहे. तिनं हाच हिशोब वहीत करून दाखवला, आणि मला मान्य करावं लागलं की तो दोरापेक्षा बारीक आहे. डाव्या टायरच्या मध्यापासून उजव्या टायरच्या मध्यापर्यंत अंतर मोजायचं. समजा दीड मीटर. त्याचं अर्धं ७५ सेंटिमीटर. गाडीच्या सगळ्या वजनाचा मध्य जमिनीपासून समजा ७० सेंटिमीटरवर. ७५ भागिले ७० म्हणजे १.०७. याचा अर्थ, गाडी उभी असताना जमीन साधारण ४७ अंश कलली की ती पडणार. ऐकायला भरपूर वाटतं. आता गाडी उंच करा, मोठे टायर घाला, टपावर चाक आणि कॅन ठेवा. वजनाचा मध्य ८० सेंटिमीटरवर गेला असं धरा. ४७ चे ४३ झाले. तुम्ही म्हणाल, चारच अंश गेले. थांबा. वरच्या अंगाचं चाक एका फुटाच्या दगडावर चढलं आणि त्याच वेळी खालचं चाक अर्धा फूट खचलं, तर दीड मीटरमध्ये दीड फुटाचा फरक पडतो, म्हणजे सतरा अंश गेले. राहिले सव्वीस. त्यातून स्प्रिंगा खालच्या अंगाला दबतात आणि गाडीचं धड आणखी कलतं, ते वेगळंच. चाकं दगडावर जास्त उचलावीत म्हणून तुम्ही पुढचा स्टॅबिलायझर बार, म्हणजे धड कलू नये म्हणून असलेली आडवी दांडी, सोडून ठेवता ना, त्यानं हे कलणं वाढतं. पंचवीस अंशाचा उतार डोळ्याला काही भयंकर दिसत नाही. आमच्या म्हशी त्यावर उभ्या राहून रवंथ करतात.

हे सगळं गाडी उभी असताना. चालती असेल तर आणखी एक गिऱ्हाईक येतं. ताशी वीस किलोमीटरच्या वेगात आठ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर गाडीला जे बाहेर फेकणं बसतं, ते जमीन एकवीस अंश कलल्याइतकं असतं. वीसचा वेग म्हणजे सायकलवाला जरा घाईत असला की जातो तेवढा. म्हणूनच कडेच्या उतारावर गाडी हलकी वाटायला लागली तर स्टिअरिंग वर, डोंगराकडं, वळवायचं नाही. मन तिकडंच ओढतं, कारण खाली दरी दिसते. पण वर वळवलं की फेकणं खालच्या अंगाला बसतं आणि उरलेला तोलही जातो. नाक खाली, उताराच्या दिशेनं वळवायचं, हळू. गाडी सरळ उताराला लागली की ती लांबीच्या आधारावर उभी असते, रुंदीच्या नाही. पुढं खड्डा किंवा कडा असेल तर हा उपायही उरत नाही, आणि म्हणून त्या जागी आडवं जायचंच नाही.

तुमच्या गाड्यांत आता पडद्यावर किती अंश कललो ते दिसतं. चांगलं आहे. पण तो आकडा आत्ताचा असतो. पुढच्या दगडाचा नसतो.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेचं म्हणणं पुतणीनं वाचून दाखवलं. एकट्याच उलटलेल्या गाड्यांत शंभरातल्या ९५ गाड्यांना काहीतरी अडलेलं असतं. रस्त्याची कड, मऊ माती, खड्डा, दगड. नुसत्या वळणानं उलटणाऱ्या थोड्या. ते ऐकून मला चराच्या कडेला अडलेलं ते चाक आठवलं. आणि आमचा मुलूख तर अडवणाऱ्या वस्तूंनीच भरलाय. भूगोलाचे गुरुजी सांगायचे की दख्खनच्या या खडकाला ट्रॅप म्हणतात तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. लाव्ह्याचे थरावर थर, म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. लांबून एकसारखा उतार दिसतो, जवळ गेलं की दर थोड्या अंतरावर खडकाची एक पायरी. त्यावर मुरमाचे खडे, उन्हाळ्यात चाकाखाली ज्वारीसारखे सरकतात. खाली उतरलं की काळी माती. ती पावसात फुगते, टायरच्या सगळ्या खाचा भरून टाकते, मग तुमचा महागाचा टायर आणि आमच्या बैलगाडीची धाव यात फरक राहत नाही. गाडी आडवी घसरायला लागते आणि घसरत जाऊन रुतते. रुतली की तेच, चाक अडलं आणि वरचं वजन पुढं गेलं. उन्हाळ्यात याच मातीला मनगट जाईल अशा भेगा पडतात. त्यातून पाणलोटाचे चर, दगडी बांध, शेताचे धुरे. हे कुणाच्या तरी घामानं बांधलेलं आहे, ते फुटलं तर पुढच्या पावसात माती खाली येते, हा वेगळा विषय आहे. तुम्हाला राग येईल म्हणून नाही, पत्र लांबेल म्हणून सोडतो.

टायरमधली हवा कमी करता ते योग्यच आहे, चाक पसरतं, पकड येते. पण कमी हवेवर कडेच्या उतारानं गेलं तर टायर रिममधून निसटतो. तसं झालं की रिमची कडच जमिनीत घुसते. सरळ चढाची हवा आणि आडव्या वाटेची हवा एक नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता माझी बोटं.

काळी-पिवळीत मी कधी कधी सतरा माणसं भरायचो. आज सांगायला लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. आत बारा-तेरा, मागं लटकलेले दोघं, टपावर दोघं-तिघं आणि त्यांची गाठोडी. बाजारचा दिवस होता. समोरून ट्रक आला, मी डावीकडं घेतलं, डावी चाकं डांबरावरून खाली साइडपट्टीत उतरली. सहा-सात इंचांची कड असेल. हळू करून, थांबून, मग वर घ्यायचं होतं. मी स्टिअरिंग ओढलं. डावी चाकं कडेला घासत राहिली आणि एकदम चढली, गाडी उजवीकडं वळली, मी घाबरून परत डावीकडं ओढलं, टपावरची माणसं उजव्या अंगाला आली. वेग तीस-पस्तीस असेल. गाडी उजव्या कुशीवर झोपली. माझं कोपर नेहमीसारखं खिडकीत होतं. गाडी पडताना हात आत घ्यावा हे सुचत नाही, उलट जमिनीला टेकून आधार द्यावा असं वाटतं. दोन टन लोखंडाला मी हातानं आधार द्यायला निघालो होतो. टपावरचा एक म्हातारा चार महिने खाटेवर होता. तो पुढं कधीही भेटला की स्वतःच माझ्या हाताकडं बघून विचारायचा, दुखतं का रे अजून. मला तोंड वर करून बघता यायचं नाही.

म्हणून हात बाहेर ठेवू नका. काच अर्धी तरी वर घ्या. पडायला लागली तर दोन्ही हात स्टिअरिंगला, अंगठे आत अडकवू नका, चाकाला झटका बसला की स्टिअरिंग फिरतं आणि अंगठा मोडतं. बाहेर उडी मारायचा विचार करू नका. पट्टा लावलेला माणूस पिंजऱ्याच्या आत राहतो, उडी मारलेला गाडीच्या खाली सापडतो. आणि पिंजरा म्हणजे खरा पिंजरा, चेसीला धरून बांधलेला. वेल्डिंगच्या दुकानातून ताडपत्रीसाठी वाकवून आणलेली पाइपाची कमान म्हणजे पिंजरा नव्हे.

तुम्हालाच बोलतोय असं नाही. ट्रॅक्टरवाले आम्ही काही शहाणे नाही. डावा आणि उजवा ब्रेक वेगळा असतो, शेतात वळायला. रस्त्याला लागताना दोन्ही पॅडल जोडायची पट्टी लावायची असते. किती जण लावतात? एकच पॅडल दाबलं गेलं की ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि उलटतो. उसाच्या डबल ट्रॉल्यांचं तर बोलायलाच नको. स्वीडननं १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरला चालकाभोवती मजबूत सांगाडा सक्तीचा केला. आमच्या गावातल्या एकाही ट्रॅक्टरला तो नाही, माझ्याही नाही.

तुम्ही जो ट्रॅक्टर उभा ठेवायला सांगताय, त्याचीही एक गोष्ट आहे. अडकलेली गाडी ओढायला साखळी कुठं बांधायची, यावर माझा जीव अवलंबून असतो. साखळी मागं खाली ड्रॉबारला, म्हणजे ओढायच्या पट्टीला, बांधली तर ट्रॅक्टर दबून ओढतो. वर, टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडाच्या) जागी किंवा सीटखाली कुठं बांधली आणि मागची चाकं अडली, तर एक्सल फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरच एक्सलभोवती फिरतो. पुढची चाकं उचलतात आणि तो मागं, चालवणाऱ्यावर येतो. दीड सेकंदाच्या आत. क्लचपर्यंत पाय जायला तेवढा वेळ पुरत नाही. मागच्या वेळी तुमच्यातला एक जण घाईघाईनं साखळी वरच्या पिनला लावत होता, चांगल्या मनानं. मी त्याच्यावर ओरडलो ते सगळ्यांना फार लागलं म्हणे. माफी मागत नाही.

कायद्याचं एवढंच. गाडीत कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि विम्याचा कागद एकदा वाचा. शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडी किती टिकते याची चाचणी) असे वापर त्यात वगळलेले असतात. तुमच्या रविवारच्या कार्यक्रमाला तुम्ही काय नाव देता यावर विमा कंपनी नक्की विचार करेल. मी आरटीओ नाही, सांगून मोकळा झालो.

मग यायचं नाही का? या की. तुम्ही आलात की आमच्या पोरांना गाड्या बघायला मिळतात, चहाच्या टपरीवाल्याचा दिवस जातो. मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. लो गिअरमध्ये गाडी खडकाच्या पायरीवर एक एक चाक ठेवत, न गुरगुरता चढते तेव्हा बघत राहावं वाटतं. तुमच्यातला तो चष्मेवाला, जुनी जीप घेऊन येतो, चढाच्या आधी खाली उतरून पायी वर जातो, दगड हलवून बघतो, मग गाडीत बसतो. मागच्या वेळी तो दोनदा पायी जाऊन आला आणि म्हणाला, आज नाही. बाकीचे हसले. माझ्या हिशोबात त्या दिवशी गाडीचं लिमिट त्याला एकट्याला कळलं होतं.

तर ट्रॅक्टर उभा राहील, पण असं. टपावर काही नाही, चाकसुद्धा नाही, ते खाली पायथ्याला माझ्याजवळ काढून ठेवा. आतलं सामान बांधलेलं, जॅक, कुऱ्हाड, बर्फाची पेटी सगळं. अवघड चढावर गाडीत एकटा चालक, बाकीचे उतरून पायी. मागच्या वेळी एकाचं सहा वर्षांचं लेकरू मांडीवर होतं, तसं दिसलं तर मी चावी काढून घरी जाईन. बघणारे, व्हिडिओ काढणारे सगळे वरच्या अंगाला किंवा लांब बाजूला, खालच्या अंगाला कुणी नाही. इशारे करणारा एकच माणूस, आणि तो बोलेल तेवढंच चालक ऐकेल. "दाब रे" म्हणणाऱ्याला टपरीवर बसवा, चहा मी पाजतो. एका चढावर तीन प्रयत्न झाले की गाडी खाली. चौथ्या वेळेपर्यंत मुरूम उकरून खड्डे पडलेले असतात आणि माणूस तापलेला असतो. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस तरी बरड वाळू द्यायचं. तुम्ही शहरात आहात, तुम्हाला कळणार नाही, शनिवारी संध्याकाळी फोन करा, मी बघून सांगतो.

दोर तुम्ही आणा, ओढायचा चांगला पट्टा किंवा जाड दोर. साखळी मी घरी ठेवणार आहे, तुटली की ती कुणाचं तोंड बघत नाही. ओढताना दोराच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही. बांधायचं कुठं ते मी दाखवीन. डिझेल तुमचं.

सकाळी सातच्या आत वर पोचा. त्यानंतर गुरं त्याच वाटेनं जातात.

तुमचा,
ट्रॅक्टरवाला काका
मु. पो. धारूर घाटाच्या वरचं गाव, जिल्हा बीड